पाण्यातला खांदा

प्रिय मित्रा,

खांद्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. स्लिंगला (हात गळ्यात अडकवायच्या झोळीला) वैतागला असशील, रात्री झोपेचं तर खोबरंच, ते आता सोसायचंच. पण पाण्यातल्या फिजिओथेरपीबद्दल विचारलंस ना, त्यावर सविस्तर लिहितो, कारण माझा हात खरा सुटला तो तिथेच.

जखम पूर्ण भरल्याशिवाय आणि सर्जन हो म्हणाल्याशिवाय पूलकडे फिरकायचंही नाही. पुढे मग कोमट पाण्यात, म्हणजे साधारण ३३ ते ३५ डिग्री, गळ्यापर्यंत उभं राहायचं, खांदा बाहेर राहिला तर काही उपयोग नाही. हात सैल सोडला की तो आपसूक वर यायला लागतो रे, पहिल्यांदा तर मी बघतच बसलो! आपण उचलायचा नाही, फक्त अडवायचा नाही, आणि खांदा कानाकडे चढवायचा नाही, ती खोड सगळ्यांनाच लागते.

आता मुद्द्याचं. सावकाश. २००० साली एका अभ्यासात स्नायूंचं काम मोजलं होतं, सेकंदाला ३० अंश इतक्या हळू हात उचलला तर सुप्रास्पायनेटस (हात वर उचलणारा खांद्याचा स्नायू, बहुतेकांचा फाटतो तो हाच) जमिनीवर पूर्ण ताकदीच्या साधारण १७ टक्के काम करत होता, पाण्यात जेमतेम ४ टक्के. पण वेग ९० अंशांवर नेला की हा फायदा गायब, कारण पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर विरोध चौपट. म्हणजे पाणी हलकं वाटतं ते तू हळू आहेस तोवरच. आणि तिथे दुखत नाही म्हणून माणूस चेकाळतो, पण शिवलेला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) हाडाला धरायला १२ आठवडे तरी घेतो, त्याला तुझ्या उत्साहाशी काय देणंघेणं! म्हणून पोहायचं नाव सध्या काढूच नकोस.

नंतर ताकदीच्या व्यायामाला मात्र हाच विरोध कामी येतो, तळहात कडेने पाणी कापत नेला तर सोपं, समोर पसरून ढकलला तर जड, डंबेलची गरजच नाही.

आणि हो, बाहेर येताना हाताचं वजन एकदम परत येतं, शिडीचा दांडा चुकूनही त्या हाताने धरू नकोस, कोरडा झालास की लगेच स्लिंग. फिजिओने काय काय लिहून दिलंय त्याचा फोटो पाठव.

तुझाच,
मी