हसलेले अनारसे

गुरुवार पेठ, पुणे
१८ डिसेंबर

प्रिय बाळ,
सलाम.

परवा फोनवर म्हणालास, "आई, यंदा फराळ नको, केक पाठव. ऑफिसात डबा उघडला की विचारतात, तुमच्यातही दिवाळी असते का?" मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पण रात्री झोप लागेना. तेव्हा डब्यात फराळच आहे, आणि वर ही चिठ्ठी.

अरे, आपल्याकडे नाताळ म्हणजे करंजी, चकली, अनारसे. तुझी पणजी नगरकडची. घराण्याने बाप्तिस्मा घेतला म्हणून तिच्या करंजीची मुरड काही बदलली नाही. केक घरात आला तो तुझ्या आजोबांना खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी लागल्यावर, तोही कॅम्पातून विकत आणलेला. नानकटाई तेवढी आम्ही भट्टीवर भाजून आणायचो. रवा, मैदा, पिठीसाखर, तूप घरून न्यायचं, तिथे बसून फेसायचं आणि आपल्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी ठेवायची. एका वर्षी चिठ्ठी उडाली आणि दुसऱ्याच कुणाची नानकटाई घरी आली. आपल्यापेक्षा चांगली होती, म्हणून आजी परत द्यायला गेलीच नाही!

अनारशांचं मात्र सगळं घरीच. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून फडक्यावर सावलीत पसरायचे आणि दमट असतानाच दळायचे. पूर्ण वाळले की संपलं. मग गूळ, चमचाभर तूप, आणि गोळे डब्यात घालून पाच-सहा दिवस विसरून जायचं. थापायचे खसखशीवर, पण तळताना खसखस वर हवी. उलटायचं नाही, झाऱ्याने कडेचं तूप वर उडवत राहायचं. गूळ जास्त झाला तर अनारसा कढईत पसरतो, भोकं पडतात, विरघळतो. त्याला आपण 'हसला' म्हणतो. हसणारा अनारसा रडवतो, असं आजी म्हणायची. यंदा माझा पहिला घाणा हसलाच. मूठभर कोरडी पिठी मळून घेतली, मग ठीक झाले.

आणि 'तुमच्यातही' म्हणणाऱ्यांना पंचहौदाचा चहा सांग. आपल्या घरापासून दोन गल्ल्यांवर, १८९० साली. पंचहौदाच्या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला रानडे, टिळक अशी मंडळी गेली, नंतर चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशांनी हजर असणाऱ्यांची नावं 'पुणे वैभव' वर्तमानपत्रात छापून आणली. पुढे ग्रामण्य, म्हणजे जातीतला वाद आणि बहिष्कार, शंकराचार्यांकडे तक्रार, प्रायश्चित्तं. एका कपापायी! आणि आज वरच्या मजल्यावरच्या काकू १५ डिसेंबरपासून जिन्यात विचारतात, "तुमचे अनारसे झाले का हो?" त्यांच्या दिवाळीच्या चिवड्याचं ताट मी अजून परत केलेलं नाही. रिकामं कसं देणार? २५ला सकाळी उपासनेहून आल्यावर ते भरून, क्रोशाचा रुमाल टाकून वर पाठवायचं, हे तुझं काम असायचं. जिन्यात दोन चकल्या कमी व्हायच्या, हे काकूंना पहिल्यापासून माहीत आहे. यंदा ताट बाबा नेणार. त्यांचे गुडघे पाहता एकही चकली कमी होणार नाही, दोन्ही हात कठड्याला लागतात आणि ताट मलाच धरावं लागणार.

केकही घेईन, काळजी नको. २४ला एम. जी. रोडच्या गर्दीत शिरायची ताकद आता नाही, म्हणून आधीच आणेन. तो तू आलास की.

डब्यात वर चकल्या, मधे करंज्या, तळाला अनारसे. फ्रिजमध्ये ठेवू नकोस, कडक होतील. कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार आहेत, ते हसलेले. ते ऑफिसात नेऊ नकोस, घरी एकट्याने खा.

तुझी,
आई