बिस्फेनॉलवर बंदी हवी ती कुळासकट

महोदय,

अन्नाशी संपर्क येणाऱ्या पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकमधून आणि डब्यांच्या आतल्या इपॉक्सी लेपांमधून बिस्फेनॉल ए, म्हणजेच बीपीए, हे रसायन हद्दपार करणारा मसुदा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केला, त्याचे मी मनापासून स्वागत करते. बाळाच्या दुधाच्या बाटलीत बीपीए नको, हे भारतीय मानक ब्यूरोने २०१५ च्या मानकातच ठरवले होते. पण बाटली सुटल्यावर तेच मूल ज्या जारचे पाणी पिते, त्या जारला ही मनाई नव्हती. इतक्या वर्षांनी नियम होतोच आहे, तर त्यात पळवाट राहू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

आमच्या सोसायटीत रोज २० लिटरचे निळे जार येतात. परवा एक रिकामा जार उलटा करून पाहिला. तळाच्या त्रिकोणात ७ हा आकडा होता आणि खाली ‘पीसी’ ही अक्षरे. म्हणजे जार पॉलिकार्बोनेटचा, आणि पॉलिकार्बोनेट बनते ते बीपीएच्या रेणूंची साखळी जोडूनच. पुन्हा पुन्हा घासून त्याच्या मानेजवळचे प्लास्टिक पांढुरके आणि खरखरीत झाले होते. उष्णता आणि धुण्याचा तीव्र सोडा यांनी ही साखळी हळूहळू तुटते आणि सुटलेले बीपीए पाण्यात उतरते. मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले, तरी आपण वर्षानुवर्षे पितो त्या पाण्याचा जार उलटून पाहायला मला इतका काळ लागला, याची खंत वाटते.

बीपीए शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागते, हे इंग्लंडमधील चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते. त्याचे प्लास्टिक आणि लेप बाजारात आले ते त्यानंतर, १९५० च्या दशकात. संप्रेरके रक्तात अत्यल्प प्रमाणात असूनही काम करतात. म्हणून त्यांची नक्कल करणारे रसायनही अत्यल्प प्रमाणात घातक ठरू शकते, विशेषतः गर्भातील आणि वाढत्या वयातील मुलांना. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये बीपीएची सहनीय मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी कमी केली. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेला हा आकडा फारच कठोर वाटला. पण तिने सुचवलेली मात्रादेखील जुन्या मात्रेच्या विसाव्या हिश्श्याएवढीच आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आता आपला २०१८ चा पॅकेजिंग नियम पाहा. प्लास्टिकमधून किलोभर अन्नात सर्व पदार्थ मिळून ६० मिलिग्रॅमपर्यंत उतरले तरी चालते, अशी त्यातली एकूण मर्यादा आहे. युरोपच्या हिशेबाने ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला १२ नॅनोग्रॅम बीपीए सोसते. ६० मिलिग्रॅम हे त्याच्या पन्नास लाख पट झाले. एकूण वजन मोजणाऱ्या अशा चाचणीत संप्रेरकांची नक्कल करणारे रसायन सापडणारच नाही. त्याला नाव घेऊनच रोखावे लागते आणि मसुद्याने ते केले, हे योग्यच झाले.

माझा आक्षेप त्यापुढचा आहे. याच मसुद्यात पीफास या तेल-पाणी न धरणाऱ्या रसायनांना मनाई करताना हजारो संयुगांचा सबंध वर्ग एका ओळीत घेतला आहे. बिस्फेनॉलच्या बाबतीत मात्र ‘बीपीए आणि त्याची साधिते’ एवढेच म्हटले आहे. बिस्फेनॉल एस हे बीपीएचे साधित, म्हणजे त्याच्यापासून बनवलेले संयुग, नव्हे. ते त्याचे भावंड आहे, रचनेने जवळचे आणि संप्रेरकांच्या कामात तशीच ढवळाढवळ करणारे. ‘बीपीए फ्री’ असा शिक्का मारून तेच वापरता येते. पावत्यांच्या कागदातून बीपीए गेले तेव्हा अनेक ठिकाणी त्याची जागा बिस्फेनॉल एसनेच घेतली होती. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ च्या नियमात बीपीएबरोबरच घातक ठरवलेल्या इतर बिस्फेनॉललाही अटकाव केला आहे. पीफासला जो न्याय लावला तोच बिस्फेनॉलला लावायला प्राधिकरणाला काय अडचण आहे? नाहीतर दहा वर्षांनी पुन्हा नवा मसुदा निघेल आणि तोवर एक पिढी वाढून गेलेली असेल.

प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट या रसायनांचे तर मसुद्यात नावच नाही. लोणच्याच्या काचेच्या बरणीला पत्र्याचे झाकण असते, त्याच्या आतल्या कडेला रबरासारखी मऊ पट्टी असते. ती बहुधा पीव्हीसीची असते आणि तिला मऊपणा येतो तो तिच्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. हे द्रव्य पीव्हीसीला रासायनिक बंधाने जोडलेले नसते, त्यामुळे लोणच्याचे तेल त्याला सहज ओढून घेते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या थॅलेटपैकी डीईएचपी या एकाला आपल्याकडे किलोमागे १.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ज्या देशात लोणचे रोज पानात असते, तेथे बाकीच्या थॅलेटचाही विचार व्हायला हवा.

आमच्या कोकणातून आंब्याचा रस डबाबंद होऊन परदेशी जातो. युरोपात विकायच्या डब्याला तेथील नियमातून सुटका नाही. त्याचा आतला लेप टप्प्याटप्प्याने बदलावाच लागेल. तोच रस मुंबई-पुण्याच्या घरात यावा तो जुन्या लेपाच्या डब्यातून, असे होता कामा नये.

आणि सध्या फिरत असलेल्या जारचे काय? नवीन जारवर बंदी आली तरी जुने फुटेपर्यंत वापरले जातील. म्हणून प्रत्येक जारवर उत्पादनाचा महिना व वर्ष ठळकपणे कोरणे बंधनकारक करावे, पॉलिकार्बोनेटचे जार कोणत्या तारखेपर्यंत बाद करायचे ते नियमातच लिहावे आणि जार भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना ते बदलण्यासाठी साहाय्य द्यावे. हा भुर्दंड एकट्या त्यांनी सोसावा, असे मला वाटत नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी