बालविभागाचे कपाट मोठ्यांचेही आहे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत मोठ्यांच्या आवडत्या बालपुस्तकांवरील लेख वाचला. विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे मोठ्या अपेक्षेने वाचायला घेतला होता, पण दुसऱ्या परिच्छेदापासूनच मन खट्टू होत गेले. प्रौढ माणसे लहानपणची पुस्तके पुन्हा उघडतात ती केवळ सरलेल्या दिवसांच्या ओढीने, त्यात वाचन असे फारसे नसतेच, हा लेखकमहाशयांचा निष्कर्ष माझ्यासारख्या अनेकांवर अन्याय करणारा आहे, असे नम्रपणे पण स्पष्टपणे नमूद करते.

मला तो अधिक झोंबला, कारण हेच मत गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत अमलात आले. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरील आमच्या संकुलाच्या क्लबहाउसमध्ये रहिवाशांनी दिलेल्या पुस्तकांवर उभे राहिलेले एक लहानसे वाचनालय आहे. त्यातले बालविभागाचे कपाट कमिटीने रिकामे केले, कारण मुलांनी पुस्तके नेल्याची नोंद रजिस्टरमध्ये जवळपास नव्हती. मोठ्यांच्या नोंदी भरपूर होत्या, पण त्या धरायच्या नाहीत असे ठरले. मी विचारायला गेले तेव्हा एका पदाधिकाऱ्यांनी अगदी आदबीने उत्तर दिले, "काकू, मुलं येतच नाहीत हो. आणि मोठ्यांसाठी मोठ्यांची पुस्तकं आहेत ना!" खाली आले तर गेटपाशी रद्दीवाल्याचा टेम्पो उभा होता आणि सुतळीने बांधलेले गठ्ठे काट्यावर चढत होते. त्यातल्या एका गठ्ठ्यात सर्वांत वर मी स्वतः दिलेले 'किशोर'चे बाइंडिंग केलेले अंक होते, पुठ्ठ्यावर माझ्या थोरल्या भावाच्या अक्षरात त्याचे नाव आणि इयत्ता. तेवढे मी सोडवून घेतले, बाकीचे गेले. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत, त्यामुळे ते निदान वाचायला तरी मिळतात, पण त्या कपाटातल्या कितीतरी पुस्तकांच्या नव्या आवृत्त्याच निघत नाहीत. १८९३ साली ज्या गावात मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले, त्या गावात पुस्तके अशी किलोवर जावीत याचे वाईट वाटते.

ज्यांना वाचक म्हणून धरले नाही ते कोण होते, हे मला ठाऊक आहे, कारण संध्याकाळी तिथे मीच बसत असे. एक आजोबा होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना बारीक टाइप वाचवत नसे, आणि मोठ्या टाइपातली मराठी पुस्तके आपल्याकडे बहुतांशी मुलांसाठीच छापली जातात. आमच्या गेटवर रात्रपाळीला असणारा जालन्याकडचा सुरक्षारक्षक 'चांदोबा'चे जुने बांधीव अंक केबिनमध्ये नेत असे. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेल्या विक्रमाचे, चित्रकार शंकर यांचे ते प्रसिद्ध चित्र त्याला फार आवडे. वेताळाचा प्रश्न आला की पुढचा मजकूर हाताने झाकून तो आधी स्वतः विचार करी, आणि राजाचा निवाडा पटला नाही तर सकाळी मी दूध घ्यायला उतरले की माझ्याशी त्यावर वाद घाली. खरा त्याग राजाचा की नोकराचा, यावर त्याने मांडलेली बाजू राजाच्या उत्तराहून मला जास्त पटली होती. याला वाचन म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

माझ्यापुरते सांगायचे तर 'श्यामची आई'चे उदाहरण पुरेसे आहे. त्यातली अळणी भाजीची गोष्ट शाळेत वाचली तेव्हा ती विसरलेल्या मिठाची गोष्ट होती. संसारात बरीच वर्षे गेल्यावर पुन्हा वाचली, तेव्हा प्रथमच माझे लक्ष वडिलांकडे गेले. भाजी अळणी आहे हे त्यांना जेवताना कळते, तरीही ते नाव ठेवीत नाहीत, उलट भाजीची वाखाणणी करतात, मुलेही त्यांच्याकडे पाहून गप्प राहतात, आणि रांधणाऱ्या बाईला ती स्वतः शेवटी जेवायला बसेपर्यंत काही कळत नाही. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या आयुष्याविषयी इतके नेमके मी मोठ्यांच्या कादंबऱ्यांतही क्वचितच वाचले आहे. सावकारी कर्ज आणि जप्ती यांचे, 'अब्रूचे धिंडवडे' हे प्रकरण मी लहानपणी भराभर उलटत असे. पुढे घराचे हप्ते थकले आणि बँकेची पत्रे येऊ लागली, त्या दिवसांत तेच प्रकरण मी सावकाश, थांबत थांबत वाचले. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले तेव्हा ते तिशी ओलांडलेले गृहस्थ होते आणि आई जाऊन कितीतरी वर्षे लोटली होती. मोठ्या माणसाने मोठेपणी समजून घेतलेले दुःख त्यात आहे, आणि ते मोठ्या माणसालाच पुरते उमगते. यात बालपणीच्या गोड आठवणी कुठे आल्या?

सगळीच पुस्तके अशी जड नसतात, हे मान्य आहे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे मी ठाणे-दादर लोकलमध्ये वाचते ती निव्वळ मजेसाठी. इतके चपळ, एकही वाक्य फुकट न घालवणारे गद्य वाचण्यात कमीपणा कसला? आपल्या लेखासोबतच्या यादीत मात्र भागवत नाहीत, 'राणीची बाग' लिहिणारे विंदा करंदीकर नाहीत, ताम्हनकरांचा 'गोट्या'ही नाही. परदेशी पुस्तकांची मुखपृष्ठे रंगीत छापली आहेत आणि मराठीतले एकच नाव शेवटी येते. मराठी वृत्तपत्राने आपल्या वाचकांना दिलेल्या यादीबद्दल ही तक्रार रास्त आहे असे मला वाटते.

विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. रविवारचे आपले मुलांचे पान गेल्या काही महिन्यांपासून अर्धे झाले असून खालच्या अर्ध्या भागात कोचिंग क्लासची जाहिरात असते. उरलेल्या जागेतल्या कोड्याखाली 'उत्तर पुढील रविवारी' असे छापलेले असते आणि पुढील रविवारी उत्तर येत नाही. ते कोडे आमच्या घरी मी आणि माझी नात दोघी मिळून सोडवतो. तेव्हा ते पान पूर्ववत पूर्ण करावे, कोड्याची उत्तरे ठरल्या दिवशी द्यावीत, आणि एखादे जुने मराठी बालपुस्तक आज वाचताना त्यात काय नवे दिसले, हे मोठ्या वाचकांना लिहिता येईल एवढी जागा दर आठवड्याला त्याच पानावर राखून ठेवावी, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
एक वाचक, ठाणे (पश्चिम)