आयुक्त साहेब, शेअरिंगच्या गाड्यांना आधी जागा द्या

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका यांस,

साहेब, नमस्कार. दर काही महिन्यांनी पेपरात येतं की आता स्वतःची गाडी घ्यायची गरजच नाही, ॲपवरून तासांच्या हिशोबाने घ्या, चालवा, परत लावा. तासाचा रेट छापतात, गाडीचा फोटो छापतात, पण ती गाडी पुण्यात उभी कुठे राहणार हे मला अजून एकाही बातमीत दिसलं नाही आणि सगळं घोडं तिथंच अडलंय.

2018 मध्ये याच पेपरांनी हेडलाइन दिली होती की पुण्यात माणसांपेक्षा वाहनं जास्त झाली. त्याच वर्षी मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, आणि पुढे वर्षानुवर्षं ते कागदावरच.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत येऊन बघा, कितीतरी गाड्या कव्हरखाली असतात, बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी खाली येऊन जरा वेळ इंजिन चालू ठेवायचं आणि परत कव्हर घालायचं. कोकणात जायचंय, गावाकडे लग्न आहे, आजीला दवाखान्यात न्यायचंय, एवढ्यासाठी लाखो रुपये अडकलेत, वर ईएमआय. अडीनडीला हाताशी हवी म्हणून घेतलेली गाडी आहे हो ती. आणि भाड्याची घ्यावी तर रिक्षा करून कुठल्यातरी मोकळ्या प्लॉटवर जायचं, तिथे काळ्या नंबरप्लेटची गाडी शोधायची, एकेका ओरखड्याचा फोटो काढायचा, मग निघायचं. आजारी माणूस घरात असताना कोण करेल हे?

जर्मनीत ब्रेमेन शहराने 2003 पासून अशा गाड्यांना रस्त्यावर राखीव स्टँड दिलेत, 2017 मध्ये तर गाड्यांच्या शेअरिंगसाठी देशाचा कायदाच आला. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की गाडी मिळते. पॅरिसची ऑटोलिब ही अशीच शेअरिंगच्या गाड्यांची योजना मात्र 2011 ला हजारो गाड्यांच्या गप्पा मारत सुरू झाली आणि 2018 ला कर्जात बुडून बंद पडली, म्हणून आपण लहानच सुरू करा.

वनाझ, गरवारे कॉलेज आणि मंडई, या मेट्रो स्टेशनांपाशी चार-चार जागा द्या, पट्टे मारा, बोर्ड लावा, दुसऱ्या कुणी गाडी लावली तर सरळ टोइंग. मंडईत मिनर्वा आणि आर्यन पार्किंग आहेच. कंपन्यांकडून जागेचं भाडं जरूर घ्या, पण गाड्या रोज किती वापरल्या जातात ते आकडे दर महिन्याला जाहीर करायची अट घाला, म्हणजे पेपरवाल्यांनाही छापायला काहीतरी ठोस मिळेल.

आपला,
कोथरूडचा एक करदाता