अश्वत्थाम्याचा शाप गेला कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पौराणिक पात्रं आजच्या काळात आणणाऱ्या कादंबऱ्यांवर आपल्या पुरवणीत अधूनमधून लिहून येतं. 'हे पुराणांचं विकृतीकरण आहे' असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. उलट अशी पुस्तकं मी हौसेने वाचते, म्हणूनच हे पत्र.

हल्लीच वाचलेल्या अशा एका कादंबरीत अश्वत्थामा आजच्या महानगरात वावरतो. पहिल्याच भेटीत तो एका पत्रकार मुलीला दहा पानं आपली कर्मकहाणी ऐकवतो. तिथेच माझा विरस झाला. महाभारताच्या सौप्तिकपर्वात श्रीकृष्णाने त्याला दिलेला शाप असा आहे: तीन हजार वर्षं एकटा भटकशील, कुणाशीही तुझा संवाद होणार नाही, माणसांत तुला थारा नसेल, अंगाला रक्तापुवाची दुर्गंधी येईल. त्याच्याशी कुणी बोलणार नाही, ही या शापातली सगळ्यात भयंकर गोष्ट. तीच वगळली तर कपाळावर जखम असलेला एक धिप्पाड माणूस तेवढा उरतो.

त्याच्या कपाळावरच्या मण्याचंही तेच. तो जवळ असताना त्याला शस्त्राचं, रोगाचं आणि भुकेचं भय नव्हतं, असं महाभारतात आहे. मणी गेला, तेव्हापासून त्याला भूकही छळणारच. मग आजच्या शहरात हा माणूस खातो काय? कुणापुढे हात पसरतो? कादंबरीत याचा उल्लेखही नाही. लोककथेने मात्र त्याची गरज ओळखली होती. तिच्यातला अश्वत्थामा जखमेवर घालायला दारोदार तेल मागत फिरतो. घराघरांत असणारी एवढीशी वस्तू, आणि ती एका चिरंजीवाला मागावी लागते! ज्या कुणी हे तेल पहिल्यांदा गोष्टीत आणलं, त्याला अश्वत्थामा कळला होता.

अस्त्रांविषयी थोडक्यातच लिहिते. त्याला ब्रह्मशिर सोडता आलं, मागे घेता आलं नाही. अर्जुनाने मात्र आपलं मागे घेतलं. तो सारा प्रसंग या फरकावर उभा आहे. या कादंबरीत अस्त्र म्हणजे बटण दाबून सुटणारं क्षेपणास्त्र आहे.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. सात चिरंजीवांच्या श्लोकात पहिलंच नाव अश्वत्थाम्याचं, पण शापाला मुदत तीन हजार वर्षांची. परंपरेप्रमाणे कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये धरला, तर ती मुदत संपूनही दोन हजारांवर वर्षं झाली. म्हणजे आता त्याला बोलायला मोकळीक आहे. इतक्या वर्षांनी तो पहिला शब्द कुणाशी बोलला असेल? कुठल्या भाषेत? युद्धाच्या अखेरच्या रात्री त्याने मारलेल्या द्रौपदीच्या पाच मुलांविषयी बोलला असेल का?

आपल्या परीक्षकांनी असे प्रश्न विचारावेत, ही विनंती. नुसतं 'वेगवान कथानक' आणि 'भव्य कल्पनाविश्व' एवढं वाचून पुस्तक घ्यावं की नाही ते कळत नाही. आणि शाप संपल्यानंतरच्या अश्वत्थाम्यावर कुणी लिहिलं असेल, तर त्या पुस्तकाची ओळख जरूर छापा.

आपली,
एक नियमित वाचक