खोकलं की लघवी होते, हे सांगायचं कुणाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात शुगर, बीपी, गुडघेदुखी सगळ्यावर येतं पण बायकांची लघवी सुटते यावर काही वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून मीच लिहितेय. माझं वय ५४, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. सहा-सात वर्षं मी शिंक आली की आधी पाय आवळायचे मग शिंकायचे. लग्नाला जायचं तर गडद साडी, आत जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी आणि सकाळपासून पाणी बंद. मग एकदा पहाटे मोरीत सासूबाई दिसल्या, त्याही तसलीच घडी धूत होत्या. एका घरात दोघी, आणि एकमेकींना पत्ता नाही!

दोघी डॉक्टरबाईंकडे गेलो तेव्हा कळलं की दोघींचं दुखणं वेगळंय. माझं खोकलं, हसलं, बादली उचलली की होतं, म्हणजे लघवी धरून ठेवणारे खालचे स्नायू बाळंतपणात सैल पडलेले, त्यात पाळी गेली की ते अजून कमजोर होतात, वजन, जुना खोकला, संडासला कुंथणं यानेही वाढतं. सासूबाईंना एकदम कळ यायची आणि दारापर्यंत पोचायच्या आत साडी ओली, कारण लघवीची पिशवी भरायच्या आधीच आवळते. त्यात गुडघ्यांमुळे उठायलाच वेळ, आणि बीपीची लघवी वाढवणारी गोळी त्या रात्री घ्यायच्या, ती डॉक्टरांनी सकाळची करून दिली. काहींना हे दोन्ही असतं. जुन्या डायबेटीसमधे नसा बधिर होऊन लघवी साठून राहते आणि मग नुसती ठिबकते. पण अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा गर्भपिशवी काढल्यावर रात्रंदिवस गळत असेल तर मूत्राशय आणि योनीमधे छिद्र पडलेलं असू शकतं, तिथे व्यायाम करत बसू नका, लगेच दाखवा, त्याला बहुतेक वेळा ऑपरेशनच लागतं.

आणि पाणी तोडू नका हो, लघवी घट्ट होते, आग होते, इन्फेक्शन झालं तर घाई अजूनच वाढते.

मला केगेलचा व्यायाम शिकवला. वायू रोखताना आवळतो तसं आवळायचं, थोडं धरायचं, सोडायचं, एकावेळी ८ दा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. पहिला महिना काहीच वाटलं नाही, सोडून देणार होते, तिसऱ्या महिन्यात एक दिवस जोरात शिंकले आणि घडी कोरडी, मला रडूच आलं.

माझ्या मैत्रिणी म्हणतात वयानं होतंच, त्यात काय सांगायचं. वयानं दिसतही कमी, तरी चष्मा लावतोच ना आपण? आशाताई घरोघरी शुगर-बीपी विचारतात, त्यांनी हेही विचारावं, नुसतं "त्रास आहे का" नाही तर "खोकल्यावर होते की कळ येऊन होते" असं, आणि आपण एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं ही विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा