डोळ्याला टाके, मनाचे काय?

महोदय,
मानसिक आजारात रुग्णाने स्वतःच्याच डोळ्यांना गंभीर इजा करण्याच्या घटना विरळ. पण घडल्या की लोक ‘करणी’ म्हणून मोकळे होतात. बहुतेकदा मुळाशी असतो उपचार न झालेला सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटणारा मानसिक आजार: आज्ञा देणारे आवाज, ‘माझे डोळे पापी आहेत’ असा पक्का भ्रम. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला डोळ्याला टाके घालून घरी धाडले; मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याची साधी चिठ्ठीही नाही! अशा वेळी दुसरा डोळाही धोक्यात असतो, म्हणून नेत्रतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघेही त्याच दिवशी हवेत. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचे नाव काढले की पुणेकर नातेवाईक कचरतात, ते वेगळेच. उपचाराचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच दिला आहे. घरातले कुणी डोळ्यांविषयी असे बोलू लागले, तर त्याला एकटे न सोडता लगेच रुग्णालय गाठावे. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे